हवा करायची की हवा मोजायची?

फोनवर 1008 आणि हातातल्या नव्याकोऱ्या यंत्रावर 945. रात्रीचे साडेदहा वाजलेले, पुण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजचं वर्कशॉप, आणि सात-आठ जण त्या दोन आकड्यांकडे आळीपाळीने बघतायत. माझा शाळेतला मित्र तिथल्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये आहे. म्हणजे स्वतः डिझाइन करून, स्वतः वेल्डिंग करून एका माणसाची रेसिंग कार बनवायची आणि ती कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ला घेऊन जायची. मी गेले होते या पानासाठी त्यांच्यावर काहीतरी लिहावं म्हणून. पण त्या दिवशी कारकडे कुणाचं लक्षच नव्हतं. स्पॉन्सरच्या पैशातून मागवलेलं पोर्टेबल वेदर स्टेशन संध्याकाळी कुरिअरने आलं होतं आणि त्यातलं हवेच्या दाबाचं रीडिंग फोनच्या रीडिंगपेक्षा 63 ने कमी होतं.

‘पीस खराब आलाय’ असं सर्वानुमते ठरलं. रिटर्नचा फॉर्म भरायलाही घेतला. तेवढ्यात सेकंड इयरची एक मुलगी म्हणाली, “दादा, पण फोन तर समुद्रसपाटीचा दाब दाखवतो ना?”

शांतता. मग फॉर्म बंद.

तिचं बरोबर होतं. हवामानाचा नकाशा काढायचा तर मुंबई, पुणे आणि महाबळेश्वर एका पातळीवर आणून बघावे लागतात. म्हणून बातम्यांमध्ये आणि ॲपवर जो दाब दिसतो, तो ‘हे ठिकाण समुद्रसपाटीला असतं तर किती असता’ असा हिशेब करून दिलेला असतो. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे. इथे प्रत्यक्षात हवेचा दाब साडेनऊशे हेक्टोपास्कलच्या आसपासच असतो. इंजिन श्वास घेतं ते या खऱ्या हवेत. ॲपवरचा 1008 घेऊन तुम्ही हवेची घनता काढली, तर उत्तर सहा-सात टक्क्यांनी चुकणार. यंत्र बरोबर होतं, आपणच चुकीच्या आकड्याशी ते ताडून बघत होतो.

हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे मोटरस्पोर्टमध्ये उतरणाऱ्या पोरापोरींचं हल्ली हे नवं वेड आहे. कार्टिंग करणारे, ड्रॅगवाले, कॉलेजच्या टीम, सगळ्यांना पिटमध्ये वेदर स्टेशन हवंय. ट्रायपॉड, त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या, खाली रंगीत स्क्रीन. फोटोत भारी दिसतं, हे मान्य. पण तुमच्यापैकी कुणी ते घ्यायच्या विचारात असेल, तर माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी एका कागदावर लिहा: यातल्या कुठल्या आकड्यामुळे आपण कारमध्ये किंवा दिवसाच्या वेळापत्रकात नेमकं काय बदलणार? ज्या आकड्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्याचे पैसे देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, पेपरवाल्यांना यातलं काय कळतं. खरंय, मास कॉमवाली आहे मी. पण त्या रात्रीनंतर दोन आठवडे मी या पोरांच्या मागे मागे फिरले, गणितं त्यांच्याकडून करून घेतली, मग घरी पुन्हा स्वतः केली. (बारावीनंतर पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर केल्विन टाकलं.) त्यातून जे हाती लागलं ते असं.

डिसेंबरची सकाळ, पुण्यात 14 अंश. एक घनमीटर हवेचं वजन जवळपास 1.15 किलो भरतं. तेच एप्रिलच्या दुपारी 38 अंशांत 1.05 किलोच्या आसपास. जागा तीच, इंजिन तेच, पण त्याच्या वाट्याची हवा साधारण आठ टक्क्यांनी कमी झाली. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही ढोबळमानाने त्याच प्रमाणात उतरते. ड्रॅगवाले हीच गोष्ट ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ या भाषेत सांगतात. म्हणजे इतकी विरळ हवा प्रमाणित वातावरणात किती उंचीवर मिळाली असती? एप्रिलच्या त्या दुपारचं उत्तर येतं दीड हजार मीटरच्या वर. थोडक्यात, तुम्ही उभे असता पुण्यात आणि तुमचं इंजिन असतं महाबळेश्वरच्याही वर, कळसूबाईच्या खांद्याशी.

फॉर्म्युला स्टुडंटच्या पेट्रोल गाड्यांना तर आणखी एक गळफास आहे. नियमानुसार सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका अरुंद तोंडातून आत घ्यावी लागते. त्यामुळे हवा विरळ झाली की जास्त ओढून भरपाई करू म्हटलं तरी जमत नाही.

समजा, डिसेंबरमध्ये एक एक्झॉस्ट लावून टेस्ट घेतली आणि एप्रिलमध्ये दुसरा लावून घेतली. दुसरा हळू निघाला. मग दोष कुणाचा, एक्झॉस्टचा की उन्हाचा? हवेची नोंद नसेल तर हा वाद रात्री दोनपर्यंत चालतो आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. मी पाहिलाय. अशा वेळी दाब, तापमान आणि आर्द्रता हे तीन आकडे लागतातच.

आर्द्रतेबद्दल एक गंमत. दमट हवा ‘जड’ वाटते, पण असते हलकी, कारण पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी. पण इंजिनाचं खरं नुकसान वजनाचं नाही, जागेचं आहे. वाफ जेवढी जागा अडवते तेवढा ऑक्सिजन कमी. 38 अंशांत आर्द्रता 20 टक्क्यांवरून 60 वर गेली तर हवेची घनता एखाद टक्काच घटते, पण कोरड्या हवेचा वाटा जवळजवळ तीन टक्क्यांनी घटतो. पुण्यात एप्रिलमध्ये हे फारसं जाणवणार नाही. चेन्नईच्या ट्रॅकवर जाणवेल. म्हणून यंत्र घेताना नुसती ‘एअर डेन्सिटी’ दाखवतं यावर खूश होऊ नका. कोरड्या हवेचा हिशेब करता यावा, म्हणजे तिन्ही मूळ आकडे वेगळे दिसले पाहिजेत आणि साठवता आले पाहिजेत.

पण हे सगळं तुमच्या गाडीला लागू आहे का? हाच प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक इंजिन असलेली कार्ट पळवत असाल, तर हवेप्रमाणे जेट बदलावा लागतो. चुकून मिश्रण पेट्रोलला कमी पडलं तर पिस्टनच जातो. तिथे हातातलं यंत्र पहिल्याच वीकेंडला पैसे वसूल करतं. इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीयूला हवेचा दाब आणि तापमान सांगणारे सेन्सर गाडीवर आधीच असतात आणि पेट्रोलचा बराच हिशेब तो परस्पर लावतो. तिथे वेदर स्टेशन ट्यूनिंग करत नाही, ते फक्त तुमच्या टेस्टच्या आकड्यांचा अर्थ लावायला मदत करतं. आणि गाडी इलेक्ट्रिक असेल तर मोटरला ऑक्सिजनशी काही देणंघेणंच नाही. तिथे प्रश्न बॅटरीच्या तापमानाचा. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात सेलला 60 अंशांची कमाल मर्यादा आहे. बाहेर 25 अंश असताना आणि 40 अंश असताना तिथवर पोचायला किती फेऱ्या लागतात, हे माहीत असणं म्हणजे एन्ड्युरन्स पूर्ण होणं किंवा न होणं. अशा टीमने दाबाच्या अचूकतेवर पैसे उडवण्यात अर्थ नाही. सावलीतलं हवेचं आणि रस्त्याचं तापमान नीट मोजा, पुष्कळ झालं.

‘फोनवर बघू की’ म्हणणाऱ्यांसाठी पुणेकरांना पटेल असं उदाहरण आहे. रोजच्या पेपरमध्ये शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा अशी वेगवेगळी तापमानं छापून येतात. एकाच शहरात, एकाच दिवशी कितीतरी वेळा त्यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक असतो, थंडीत किमान तापमानात त्याहूनही जास्त. ज्या शहरात 1928 पासून सिमला ऑफिसात हवामान खातं बसलंय तिथली ही कथा. मग गावाबाहेरच्या एखाद्या ट्रॅकवर फोन कुठल्या स्टेशनचा किंवा कुठल्या कॉम्प्युटर मॉडेलचा आकडा दाखवतोय, कुणास ठाऊक!

वाऱ्याचं मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला मला ती वाट्यांची फिरकी निव्वळ शोभेची वाटायची. मग मित्राने एक हिशेब मांडला. गाडी ताशी 60 ने चाललीय, समोरून वारा 10 चा. गाडीला जाणवणारा हवेचा वेग 70. विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे सुमारे 36 टक्के जास्त! आता तुम्ही नवा विंग लावलाय, त्याने विरोध पाच टक्के वाढला की दहा हे बघायचंय, आणि वाऱ्याची नोंद नाही. तर त्या टेस्टला काही अर्थ नाही. दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढा, तरी झुळका अधूनमधून येणार असतील तर घोळ होणारच. फक्त अट अशी, की फिरकी मोकळ्यावर, गाडीच्या उंचीच्या आसपास आणि पिटच्या भिंतीपासून लांब हवी. मी बघितलेल्या एका पिटमध्ये ती टेम्पोच्या आडोशाला, जनरेटरशेजारी उभी होती. वारा शून्य आणि तापमान 43. भारी!

तापमानाचा सेन्सर उन्हात उघडा ठेवला तर तो हवा मोजत नाही, स्वतःला मोजतो. शाळेच्या पुस्तकातली झडपांची पांढरी पेटी आठवते? तेच तत्त्व. उभ्या स्टेशनला तशी पांढऱ्या ताटल्यांची उतरंड हवीच, आणि त्यात पंखा असेल तर उत्तम. हातात मावणारं यंत्र असेल तर ते सावलीत धरा, अंगापासून लांब, थोडं हलवत. एसी गाडीतून काढल्या काढल्या रीडिंग घेऊ नका, त्याला चार मिनिटं श्वास घेऊ द्या.

पावसाच्या मापकावर पैसे घालू नका, हे माझं ठाम मत. पाऊस पडल्यावर किती पडला ते तो सांगतो, आणि तोवर तुम्ही भिजलेले असता. टायर बदलायचे की नाही यासाठी ‘येतोय का’ हे कळायला हवं, आणि त्यासाठी हवामान खात्याचं रडारचं चित्र फुकट बघता येतं. अतिनील किरणांचा सेन्सर, चंद्राच्या कला वगैरे... सोडा. (हो, चंद्राच्या कला दाखवणारी स्टेशनं आहेत. घरच्या बाल्कनीसाठी छान.)

त्याऐवजी इन्फ्रारेड गन घ्या, डांबराचं तापमान मोजायला. हवा 35 असताना उन्हातलं डांबर 55 ला सहज पोचतं, आणि टायर हवेवर नाही, डांबरावर चालतात. एखादा ढग आला तर हवेचं तापमान जागचं हलत नाही, डांबराचं मात्र भराभर उतरतं. ‘अचानक ग्रिप बदलली’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, त्यातली निम्मी उत्तरं तरी या गनमध्ये असावीत असा माझा संशय आहे.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं ते. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, तेव्हा उकाड्यामुळे शर्यतीच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या. दुसरा आलेला होर्गे मार्टिन शर्यत संपल्यावर शरीरातलं पाणी कमी होऊन कोसळला. पुढच्याच महिन्यात कतारच्या फॉर्म्युला वनमध्ये एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि लोगन सार्जंटला अस्वस्थ वाटून शर्यत सोडावी लागली. हे जगातले सगळ्यात फिट ड्रायव्हर, यांच्या मागे डॉक्टर आणि ट्रेनरची फौज. त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये नियम आला, की उष्णता निर्देशांक 31 अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर ‘हीट हझार्ड’ जाहीर करायचा. 2025 मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा जाहीर झाला.

आणि आपल्याकडे? थर्ड इयरचा पोरगा, आदल्या रात्री तीन तास झोपलेला, नाश्त्याला वडापाव, अंगात आगीपासून वाचवणारा जाड सूट, आतून फायरप्रूफ बनियन, बालाक्लाव्हा, हेल्मेट. पाठीमागे तापलेलं इंजिन. “अजून दहा लॅप मार, डेटा कमी पडतोय.” मित्राच्या टीमचा ड्रायव्हर ऑक्टोबर हीटमध्ये अशाच एका टेस्टनंतर गाडीतून उतरला आणि त्याला आपण कुठल्या बाजूने आलो हेच आठवेना. अर्ध्या तासाने तो ठीक झाला. डेटा शीटमध्ये त्या दिवशीचं टायरचं तापमान आहे, तेलाचं आहे, पाण्याचं आहे. माणसाच्या आजूबाजूच्या हवेचं नाही.

यासाठी लागणारं मोजमाप आहे. त्याला वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर म्हणतात. ओल्या थर्मामीटरचं तापमान 70 टक्के, उन्हातल्या काळ्या गोळ्याचं 20 टक्के आणि सावलीतल्या हवेचं 10 टक्के, अशी बेरीज. ओल्या थर्मामीटरला एवढा मान, कारण घाम वाळला तरच शरीर थंड होतं, आणि दमट हवेत तो वाळत नाही. सूटच्या आत तर नाहीच. लष्करात, मैदानी खेळांत हे माप वर्षानुवर्षं वापरलं जातं. केस्ट्रेल कंपनीचं 5100 हे मॉडेल खास रेसिंगसाठी आहे, त्यात हवेच्या घनतेचे हिशेब मिळतात. त्याच कंपनीच्या 5400 ला डोक्यावर छोटा काळा गोळा असतो, ते उष्णतेच्या ताणासाठी. बजेटमध्ये एकच बसत असेल तर? इंजेक्शनची किंवा इलेक्ट्रिक गाडी असलेल्या कॉलेज टीमने मी तरी काळ्या गोळ्याच्या बाजूने मत देईन. तेही दाब, तापमान आणि आर्द्रता देतंच, घनतेचा हिशेब एक्सेलमध्ये करा, इंजिनीअर आहात ना! टीममधले सगळे माझ्याशी सहमत नाहीत, हेही सांगून टाकते. ‘स्पॉन्सरला काय सांगू, ड्रायव्हरला घाम येतो म्हणून यंत्र घेतलं?’ असं एकाने विचारलं. हो, तेच सांगायचं.

दुसरी बाजूही आहे. डिझाइन इव्हेंटमध्ये जज विचारतात, ‘हे कशावरून?’ तेव्हा प्रत्येक टेस्टपुढे हवेची नोंद असेल तर उत्तर देता येतं. तिथे सलग नोंद ठेवणारं, ट्रायपॉडवरचं स्टेशन हातातल्या यंत्रापेक्षा कामाचं, कारण हातातलं धरायला एक माणूस लागतो आणि तो माणूस चहाला जातो. पण मग मला प्रश्न पडतो, एकाच ट्रॅकवर वीस टीम वीस स्टेशनं का उभी करतात? आयोजकांनी स्टार्ट लाइनजवळ एक चांगलं स्टेशन लावावं, त्याचे आकडे सगळ्यांना दिसतील असे ठेवावेत. टायमिंग सगळ्यांना एकच चालतं, मग हवा का नाही? आणि एन्ड्युरन्स किती वाजता घ्यायची ते त्याच आकड्यांवर ठरावं.

घ्यायचंच असेल तर दोन-तीन गोष्टी नक्की बघा. दाबाच्या सेटिंगमध्ये उंचीची दुरुस्ती बंद करता येते का, म्हणजे जागेवरचा खरा दाब दिसतो का? मेमरीत वेळेसकट नोंद होते का, आणि त्याचं घड्याळ तुमच्या डेटा लॉगरशी जुळवता येतं का? अमेरिकेतल्या मावशीकडून वायरलेस स्टेशन मागवत असाल तर ते कुठल्या फ्रीक्वेन्सीवर चालतं ते आधी विचारा. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, तिकडची बरीच यंत्रं 915 च्या आसपास बोलतात. बॅटरी साध्या पेन्सिल सेलची असलेली बरी. ट्रॅकवरच्या टपरीवर तेवढेच मिळतात.

आणि यंत्र खरं बोलतंय का, हे स्वयंपाकघरात तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून दलदलीसारखं ओलं करा, पाणी वर तरंगता कामा नये. ते आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत ठेवा. सात-आठ तासांनी आर्द्रता 75 टक्क्यांच्या जवळपास दिसली पाहिजे. आमच्या आईने हा प्रयोग बघून विचारलं, “मिठाला मोजतेयस की मीठ तुला?”

मित्राच्या टीमने ते स्टेशन परत पाठवलं नाही. मिठात ते 73 आलं, म्हणजे ठीकच. गेल्या रविवारी सकाळी सातला टेस्ट होती. सेकंड इयरच्या त्याच मुलीकडे वही दिलीय आता. दर अर्ध्या तासाने ती पाच आकडे लिहिते: दाब, तापमान, आर्द्रता, वारा, डांबर. अकराच्या ओळीपुढे तिने लाल पेनने लिहिलं होतं, ‘ड्रायव्हर बदला.’ आणि फायनल इयरच्या टीम कॅप्टनने काही न बोलता हेल्मेट काढलं.